चार कप्प्यांचा खोका

आमच्या घरी कोंबडी नाही असं कधी झालं नव्हतं. साखरप्यापासून आतल्या अंगाला आमची वाडी. घरामागे खुराडं, तिन्हीसांजेला डालग्याखाली झाकलेली पिल्लं आणि पहाटे कोंबड्याची बांग, लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले. पिल्लं विकत आणावी लागतात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू यायची, एवढाच आमचा हिशेब. मग तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मानमोडी आली. पहिल्या दिवशी दोन कोंबड्या पेंगायला लागल्या, तिसऱ्या दिवशी माना वाकड्या झाल्या, हिरवट पातळ हगवण लागली आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं झालं. एक तांबडी कोंबडी तेवढी राहिली. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

त्या दिवाळीत मोटारसायकलवरून पिल्लंवाला आला. मागे जाळीचे ट्रे, त्यांत गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिल्लं. मुलांनी हट्ट धरला. "गावठीच आहेत ताई, बघता बघता मोठी होतील," तो म्हणाला. वीस घेतली. चार दिवसांत अकरा मेली, आठवडा संपेपर्यंत चौदा. उरलेल्या सहांचा रंग उडाला तशी खालून पांढरी पिसं आली आणि तीन महिन्यांनी सहाच्या सहा नर निघाले, तेही अंगावर मांस नसलेले. यामागचं कारण मला पुष्कळ नंतर डॉक्टरांकडून कळलं. अंड्यांच्या पांढऱ्या जातींची पिल्लं काढतात तिथे निम्मे नर जन्मतात. ते अंडी देणार नाहीत आणि लवकर वजनही धरणार नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी वेगळे काढले जातात. त्यांतलेच पुढे रंगवून दारोदार विकायला येतात. लस नाही, ऊब नाही, आणि दोन-तीन दिवस वाऱ्याउन्हात गाडीवर. ती चौदा पिल्लं माझ्या ओंजळीत आली तेव्हाच अर्धमेली होती आणि मला ते ओळखता आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कुणाच्या हातून परत तसं होऊ नये, म्हणून सगळं बारकाईने लिहितेय.

यंदा जानेवारीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. प्रश्न साधा होता. अंड्यांसाठी पंचवीस पिल्लं हवीत, कुठून आणू? डॉक्टरांनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली. ठेवणार कुठे? रात्री लाइट गेली तर काय करणार? भाताचं तूस मिळेल ना? पाणी विहिरीचं की नळाचं? "आधी जागा तयार करा, मग पिल्लांचं बोलू," म्हणाले.

दुसरं त्यांनी सांगितलं ते पंचवीस पिल्लांबद्दल. हॅचरीतून, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्लं काढतात तिथून, येणारा पुठ्ठ्याचा खोका शंभराचा असतो. आत चार कप्पे, एकेका कप्प्यात पंचवीस. पंचवीसच हवीत म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. शिवाय लसीची बाटलीही शंभर डोसांची, कधी दोनशेची. एकदा फोडली की तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. हे ऐकल्यावर मी शेजारच्या काकींना आणि खालच्या वाडीतल्या माझ्या जाऊबाईंना विचारलं. अर्धा खोका आमचा, एकेक कप्पा त्या दोघींचा असं ठरलं. सहा आठवडे सगळी पिल्लं आमच्याकडेच राहतील आणि मग वाटून घेऊ, असंही ठरवलं. तीन घरांत तीन ठिकाणी उबेसाठी बल्ब लावून तीन बायकांनी रात्री जागायच्या, त्यापेक्षा हे बरं वाटलं.

जात कुठली घ्यायची यावर मात्र घरात आठ दिवस चर्चा चालली. दिराचं म्हणणं, कडकनाथ घ्या, भाव मिळतो. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पक्षी काटक आहे यात शंका नाही, पण तो अंडी कमी देतो, आणि आम्हाला घरात रोजची चार अंडी हवी होती. गिरिराज आणि वनराजा वजनाला चांगले, पण अंगाने जड. आमच्याकडे घराला लागून रान आहे. मुंगूस, रानमांजर, घार, सगळंच आहे. जड कोंबडीला पळता येत नाही. शेवटी ग्रामप्रिया ठरली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी काढलेली ही जात, अंगाने हलकी, आणि घरगुती देखभालीत वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते असं सांगतात. आमची गावठी साठ-सत्तर देऊन खुडूक व्हायची.

ग्रामप्रिया घेताना एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही, रवणीला बसत नाही. म्हणूनच ती जास्त अंडी देते. आणि तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली उबवली तरी पुढच्या पिढीत आईचे गुण तसेच उतरत नाहीत, कारण ती संकरातून आलेली आहे. म्हणजे दर वेळी नवी पिल्लं विकतच आणायची. आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे अजिबात पटलं नाही. "जी कोंबडी पिल्लं काढत नाही तिला कोंबडी कशी म्हणायची गो?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. त्यांचं बोलणं मी मनात ठेवलं आणि त्याचा पुढे उपयोगही झाला.

आपल्याकडे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर एकदिवसीय शंभर पिल्लं, किंवा पंचवीस तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि तीन नर असा गटही मिळतो. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर घ्यावा. आम्हाला पिल्लं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच हवी होती. थंडीचा कडाका ओसरलेला असतो, उन्हाळा वाढेपर्यंत अंगावर पिसं येतात आणि पावसाच्या आत पक्षी हाताशी आलेला असतो. म्हणून कोल्हापूरकडच्या एका खाजगी हॅचरीत फोनवर नोंदणी केली, एका पिल्लाला ३२ रुपये. पहिला प्रश्न मी मरेक्स या कोंबड्यांच्या रोगावरच्या लशीचा विचारला. ती लस पहिल्याच दिवशी मानेत टोचावी लागते आणि ती हॅचरीतच होते, घरी आणल्यावर तिचा उपयोग नाही. दुसरा प्रश्न, पिल्लं किती वाजता बाहेर काढता? "पहाटे," ते म्हणाले. मग आम्हीही पहाटेच पोचायचं ठरवलं.

घरच्यांना एक भीती होती, ती बर्ड फ्लूची. यांना २००६ सालचं नवापूर आठवत होतं. देशातली पहिली साथ तिथे सापडली तेव्हा टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं कोंबड्या पुरताना दाखवत होते. २०२१ ला परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यालाही तेच झालं. डॉक्टरांनी यांच्याशी शांतपणे बोलून घेतलं. नवी पिल्लं जुन्या पक्ष्यांत लगेच सोडायची नाहीत, बाजारातली कोंबडी आणून त्यांच्यात मिसळायची नाही, आणि गोठ्यात जाताना चपला वेगळ्या. हे तीन नियम मी खडूने गोठ्याच्या दारावर लिहून ठेवले.

गोठा गुरं काढल्यापासून रिकामा होता. झाडून, धुऊन, चुना मारून आठ दिवस उघडा ठेवला. भातगिरणीतून तुसाच्या चार गोण्या आणल्या आणि तीन बोटं जाडीचा थर दिला. वर पहिल्या दोन दिवसांपुरते वर्तमानपत्राचे कागद, म्हणजे पिल्लू तूस खात नाही. भोवती पत्र्याचं कुंपण, दीड फूट उंच. हे कुंपण गोल असावं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पत्रा कमी पडला म्हणून यांनी एका बाजूला प्लायवूडच्या दोन फळ्या उभ्या केल्या आणि तिथे एक कोपरा झाला. तेव्हा मी बोलले नाही, बोलायला हवं होतं.

सगळ्यांत जास्त हिंडावं लागलं बल्बसाठी. एका पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब, म्हणजे शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब. आता दुकानात सगळीकडे एलईडी. "हा घ्या, उजेड जास्त आणि बिल कमी," दुकानदार म्हणतो. पण मला उजेड नको होता, ऊब हवी होती, आणि ती एलईडीत नाही. तीन दुकानं फिरल्यावर देवरुखात एकाच्या माळ्यावर जुने बल्ब सापडले. जपून ठेवायला म्हणून चार घेतले.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी दुपारीच बल्ब लावले, तूस आधी गरम व्हायला हवं म्हणून. जमिनीपासून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करायचं. मुलीचा ताप बघायचा थर्मामीटर यासाठी चालत नाही. भिंतीवर लावायचा मिळतो, तो आणला.

पहाटे तीनला निघालो. आंबा घाटात धुकं इतकं होतं की यांना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर न्यावी लागली. मलकापूर, बांबवडे करत सातच्या सुमाराला पोचलो. हॅचरीच्या फाटकातच औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले आणि आत सोडलं नाही. त्याचं मला बरं वाटलं, जिथे कुणीही उठून आत जातं तिथलं पिल्लू मी घेणार नाही. तिथल्या माणसाने खिडकीशी उभं राहून सांगितलं, अंडी अठरा दिवस सेटरमध्ये असतात, तिथे यंत्रच त्यांना ठरावीक वेळाने फिरवतं, आणि शेवटचे तीन दिवस हॅचरमध्ये. कोंबडी जे चोचीने आणि पोटाने करते तेच. फिरवली नाहीत तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. आमची तांबडी रवणीला बसली की दिवसातून कितीदा तरी अंडी चोचीने हलवते, ते का, हे मला तिथे कळलं.

खोका समोर आला आणि त्याने मोजायला घेतलं. मी म्हटलं, "मोजणं नंतर, आधी मला बघू द्या." डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं एकेका कप्प्यातून पाच-सहा पिल्लं उचलली. आधी डोळे. उघडे, चमकदार, ओले नाहीत. मग पाय. नळ्या तुकतुकीत, सुकलेल्या किंवा सुरकुतलेल्या नाहीत. सुकलेला पाय म्हणजे पिल्लाला पाणी मिळून बराच वेळ झाला. मग उलटं करून बेंबी. इथेच नीट बघायचं. चांगल्या पिल्लाची बेंबी मिटलेली असते, बोट फिरवलं तर काही लागत नाही, वरची लव कोरडी असते. एका पिल्लाच्या बेंबीला काळी बारीक खपली होती, मोहरीएवढी. पोट गच्च फुगलेलं, हाताला कढत. ते मी परत दिलं आणि दुसरं मागितलं, त्यांनीही काही न बोलता बदलून दिलं. अशा बेंबीतून जंतू आत जातात आणि पिल्लू चार-पाच दिवसांत जातं. शेवटी पिल्लाला तळहातावर पाठीवर ठेवलं. निरोगी असेल तर क्षणात उलटून उभं राहतं. त्याच्या पायांचे तळवे मी गालाला लावून बघितले. गार लागले तर पिल्लू गारठलंय. ही गालाची परीक्षा मला सगळ्यांत खात्रीची वाटते. त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

शंभरावर दोन जास्तीची दिली, १०२. रीतच तशी आहे.

कवचातून बाहेर आल्यावर दोन-अडीच दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर निभावतं. म्हणूनच ते दूर नेता येतं, आणि म्हणूनच विकणाऱ्यांना वाटतं की त्याला काही लागत नाही. पण प्रवासात ऊब आणि हवा दोन्ही लागतात. खोका डिकीत ठेवला नाही, मागच्या सीटवर ठेवला आणि मी शेजारी बसले. पुढची एक काच दोन बोटं खाली, मागच्या बंद. खोक्यावर काही ठेवलं नाही, भोकं मोकळी ठेवली. चिवचिव ऐकत राहायची. मंद, सारखी चिवचिव म्हणजे सगळं ठीक. उंच, कर्कश ओरडा म्हणजे थंडी किंवा भूक. मलकापूरच्या पुढे ऊन गाडीत आलं तशी चिवचिव एकदम थांबली. झाकण उचलून बघितलं तर पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकत होती, पंख अंगापासून दूर. उकडत होतं त्यांना. गाडी झाडाखाली लावली, चारी काचा उघडल्या, खोका मांडीवर घेतला. सात-आठ मिनिटांत हळूहळू आवाज परत आला. तोवर तिसऱ्या कप्प्यातलं एक गेलं होतं. आंब्याला चहाला थांबलो तेव्हा मी खाली उतरले नाही, यांनी कप गाडीतच आणून दिला.

घरी पोचल्यावर दाणा नाही, आधी पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात गूळ. पिल्लाला पाणी माहीत नसतं, कोंबडीची चोच बघून ते शिकतं. इथे कोंबडी नाही, म्हणून एकेकाची चोच मीच पाण्यात बुडवली. चोच बुडाली की पिल्लू मान वर करून, डोळे मिटून घोट गिळतं, क्षणभर थांबतं, आणि दुसऱ्यांदा आपणहून वाकतं. एकशे एक वेळा हे बघितलं. कंबर मोडली, पण दुसरं काही करावंसं वाटेना. दोन तासांनी कागदावर मक्याची भरड टाकली, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. रात्री झोपण्याआधी पंधरा-वीस पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघितली. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली म्हणजे दाणा आणि पाणी दोन्ही पोटात गेलं. टणक लागली तर पाणी कमी पडलंय, आणि रिकामी असेल तर त्या पिल्लाला वाट सापडलेली नाही. तीन पिल्लं रिकामी होती, ती वेगळी काढून परत पाजली. त्यांतली दोन तिसऱ्या दिवशी गेली.

आता तांबडीचं. पंधरा दिवसांपासून ती खुडूक होती. खाली एक खोटं अंडं घेऊन पडवीतल्या टोपलीत फुगून बसायची, जवळ गेलं की टोचायची. पिल्लं आली त्या रात्री आई म्हणाल्या, "तिच्याखाली दहा ठेवू या." मी बिचकले, डॉक्टरांचा पहिला नियम दारावर लिहिलेला होता. फोन करून विचारलं. ते म्हणाले, तीन वर्षांत बाहेरची कोंबडी आली नसेल आणि तिच्या अंगावर उवा-पिसवा नसतील तर ठेवा, पण ती दहा पुन्हा गोठ्यातल्यांत नेऊ नका. आईंनी तांबडीला राखेत घोळवून घेतलं होतंच. रात्री दहाला पडवीतला दिवा बंद केला. आईंनी एका हाताने तिचा पंख किंचित उचलला, दुसऱ्या हाताने पिल्लू आत सरकवलं आणि हात तसाच काही वेळ आत ठेवला. तांबडी घशातल्या घशात गुरगुरली. मग दुसरं, मग तिसरं. पाचव्याच्या वेळी तिचा आवाज बदलला. ती बारीक, खोल "कुक् कुक्" करायला लागली, कोंबडी फक्त पिल्लांशीच बोलते तो आवाज. आई एवढंच म्हणाल्या, "घेतलंन." सकाळी टोपलीच्या कडेला तिच्या छातीखालून दहा चोची बाहेर डोकावत होत्या.

गोठ्यात मात्र ती जागा आम्हाला भरून काढायची होती. दर दोन तासांनी उठायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकावर एक गोळा झाली की गारठलीत, बल्ब खाली घ्यायचा. कुंपणाला चिकटून धापा टाकायला लागली की उकडतंय, वर घ्यायचा. सगळी एकाच बाजूला गेली की दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय. आणि चुलीभोवतीच्या पोरांसारखी सगळीकडे पसरून, पाय ताणून झोपली असली की आपणही झोपायला हरकत नाही.

चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेली. मला जाग आली ती आवाजाने, पडवीपर्यंत ऐकू येणाऱ्या कर्कश ओरड्याने. मोबाईलच्या उजेडात गोठ्यात गेले तर सगळी पिल्लं प्लायवूडच्या त्या कोपऱ्यात, एकावर एक, तीन थर. खालची दिसतच नव्हती. दोन्ही हातांनी उकरून बाजूला केली. आईंनी न्हाणीतल्या चुलीत राखेखालचे निखारे उकरून लाकडं लावली, हंडा गरम केला. गरम पाण्याच्या दोन कळश्या जुन्या गोधडीत गुंडाळून मध्यभागी ठेवल्या आणि वरून पातळ पोतं टाकलं. आत निखाऱ्यांचं घमेलं ठेवावं असं यांच्या मनात होतं, पण बंद गोठ्यात कोळशाच्या धुराने पिल्लंच काय, माणूसही गुदमरतो, म्हणून ते नको म्हटलं. दहा मिनिटांत पिल्लं कळश्यांना पोटं लावून बसली आणि ओरडा उतरत गेला. लाइट साडेचारला आली. कोपऱ्यात तीन पिल्लं चिरडून मेली होती. सकाळी यांनी फळ्या काढल्या आणि खोक्यांचे पुठ्ठे जोडून कुंपण गोल केलं. पडवीत तांबडी त्या रात्री जागची हललीसुद्धा नव्हती.

सहाव्या दिवशी लासोटाची लस, मानमोडीवरची. बाटली दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणली. उन्हं उतरल्यावर काकी, जाऊबाई आणि मी गोठ्यात बसलो. काकी पिल्लू पकडून द्यायच्या, मी ड्रॉपरने एका डोळ्यात एक थेंब टाकायचे, आणि पिल्लू डोळा मिटून परत उघडेपर्यंत सोडायचं नाही. घाई केली तर थेंब गालावरून ओघळतो आणि लस वाया जाते. पाऊण तासात सगळी झाली. पडवीतल्या दहांना रात्री अंधारात दिली, तांबडीने माझा हात चांगलाच फोडला. चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगावरची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा परत, या वेळी पाण्यातून. विहिरीचंच पाणी, त्यात थोडी दूध पावडर, आणि आधी दोन तास पिल्लांसमोरचं पाणी उचलून ठेवलेलं, म्हणजे तहानेने सगळं पाणी लवकर संपतं. नळाच्या क्लोरीनने लस मरते. डॉक्टरांचा विहिरीचा प्रश्न यासाठी होता.

त्याच आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. पाण्याचं एक भांडं कलंडून खालचं तूस ओलं झालं होतं. दोन दिवस त्यावर कोरडं तूस टाकून काम भागवलं, खालचं काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले आणि तुसावर लालसर विष्ठा दिसली. रक्ती हगवण. ओल्या, उबदार तुसात तिचे जंतू झपाट्याने वाढतात. त्याच दिवशी दवाखान्यातून अँप्रोलियम आणून पाण्यातून सुरू केलं, सगळं तूस उपसून बाहेर जाळलं, चुना मारला, नवं घातलं. चार पिल्लं गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पंजाने तूस खालीवर करते आणि मूठभर उचलून आवळून बघते. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं पाहिजे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वाटणी केली. गोठ्यात ८२ आणि तांबडीजवळ नऊ, कारण एक घारीने उचललं होतं. एकूण ९१. आम्ही ४५ ठेवली, काकींना आणि जाऊबाईंना तेवीस-तेवीस. चिक स्टार्टरच्या पन्नास किलोच्या अडीच गोण्या संपल्या. माझं तर स्पष्ट मत आहे, ज्यांच्या घरी रात्री उठायला माणूस नाही किंवा लाइटचा भरवसा नाही, त्यांनी एकदिवसीय पिल्लू घेऊच नये. चार-सहा आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं मिळतात. पैसे दुप्पट-तिप्पट पडतात, पण ते पैसे कुणाच्या तरी जागरणाचे असतात.

दोन महिन्यांची झाली तसे तुरे दिसायला लागले. आमच्या ४५ मध्ये एकवीस नर होते. मिश्र पिल्लं घेतली की असंच होतं, हे गृहीत धरूनच घ्यावं. चार चांगले ठेवले, बाकीचे गटारीच्या आत विकले. त्यातून खाद्याचा बराचसा खर्च निघाला.

पहिलं अंडं मिळालं ते श्रावणात. टोपलीत, फिकट तपकिरी, लिंबापेक्षा थोडं मोठं, एका टोकाला रक्ताची बारीक रेघ. आमच्याकडे श्रावण पाळतात, त्यामुळे घरात कुणी खाणार नव्हतं. आईंनी ते पदराने पुसलं, मुलीकडून त्यावर पेन्सिलने तारीख लिहून घेतली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलं. तांबडी तेव्हा परत खुडूक होऊन पडवीत बसलेली होती. "कोल्हापूरला फोन कधी करणारेस?" आईंनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं.